शनिवार आला की पोराचं पोट दुखतं

बोरीकाठचा | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, मी इथे फक्त वाचणारा माणूस, लिहीत कधी नाही. आज झोप येत नाहीये आणि बायकोजवळ विषय काढला तर ती म्हणते बंद करा तो क्लास, संपलं.

पोरगा ११ वर्षांचा. राहायला भुसावळला, मूळ गाव पारोळ्याकडे बोरी नदीच्या काठी. दीड वर्ष झालं कराटेला जातो. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्यानेच करायचे वार-बचाव, एकदम मस्त करतो, घरात आरशासमोर, गच्चीवर, कुठेही. पिवळा पट्टा झाला, मग नारिंगी, दिवसभर ओस्स ओस्स चालायचं. पण शालेय स्पर्धा जवळ आल्या म्हणून सरांनी शनिवारी कुमिते सुरू केलं, म्हणजे ग्लोव्ह्ज घालून समोरासमोर, आणि तेव्हापासून दर शनिवारी दुपारी चारला याचं पोट दुखायला लागतं. पहिल्यांदा ओवा दिला, दुसऱ्यांदा डॉक्टरकडे नेलं, तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की क्लासची वेळ टळली की हाच पोरगा शेवभाजी ओरपून चौथी भाकर मागतो.

आज मी चिडलो आणि गाडीवर बसवून घेऊनच गेलो. त्याची पाळी आली, समोर त्याच्याच उंचीचा पोरगा. सर हाजिमे, म्हणजे सुरू करा, म्हणाले आणि यानं डोळे गच्च मिटून दोन्ही हात तोंडावर घेतले. पोटात एक बसली, खरं सांगतो हलकीच होती. रडायला लागला. सर म्हणाले "जा, मुलींच्या लाइनीत उभा राहा" आणि सगळा क्लास हसला. (मुलींच्या लाइनीत पहिली उभी असते ती पोरगी अख्ख्या क्लासला कुटते ही गोष्ट वेगळी.)

येताना गाडीवर मागे गुपचूप बसला होता. पाणीपुरी खायची का विचारलं तर नको म्हणाला. पाणीपुरीला नको म्हणाला हो.

आता रेटायचं की सोडायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

वांग्याचं भरीत | शनिवार, रात्री ११:५८

पहिला! सोडा म्हणतो मी. चिनी पिक्चर पाहून आलेली फॅडं ही. त्यापेक्षा पोहायला टाका, तापी भरून चालली आहे.

लालमाती | रविवार, सकाळी ६:१०

भरीत भाऊ, कराटे चिनी नाही, जपानचं आहे, आणि भरल्या तापीत पोरगं पोहायला टाकणारा सल्लागार मी पहिल्यांदा पाहिला.

बोरीकाठचे, तुम्ही पारोळ्याकडचे म्हणजे कुस्ती काय हे तुम्हाला सांगायला नको. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारला तेव्हा आमच्या तालमीत पोरं मावत नव्हती. त्यातली सहा महिन्यांनी टिकली किती ते विचारू नका.

सांगायचं ते वेगळंच आहे. आमचे वस्ताद नव्या पोराला महिनाभर कोणाच्या अंगावर घालत नसत. आधी माती खोदायची. आखाड्याची माती नुसती माती नसते, गाळलेली लाल माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. ती खोद, पाणी मार, सपाट कर, मग जोर, बैठका, आणि मोठ्यांच्या कुस्त्या कडेला बसून बघ. मग एखादा थोराड पैलवान मुद्दाम खाली पडून द्यायचा, म्हणजे पोराला वाटायचं आपणही पाडू शकतो. जत्रेत पहिली कुस्ती रेवडीची नाहीतर नारळाची, तीसुद्धा वय वजन पाहून जोड लावून. भीती आमच्यातल्या सगळ्यांना होती भाऊ, पण तिला एकेक पायरी उतरायला दिली जायची. तुमच्या सरांनी पोराला पायऱ्याच दिल्या नाहीत, सरळ विहिरीत ढकललं.

संशयात्मा | रविवार, सकाळी ९:३५

नेहमीप्रमाणे मी वाईटपणा घेतो.

मुळात हे क्लास कशासाठी चालतात ते बघा. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, सर्टिफिकेटची फी, पट्टा त्यांच्याकडूनच घ्यायचा, ड्रेस त्यांच्याकडूनच. दोन वर्षांत ब्लॅकबेल्ट. गॅदरिंगला कौलं फोडून दाखवायची, पालक टाळ्या वाजवतात. पुढे दहावीला क्रीडा ग्रेस मार्कांचं गाजर. कौल काय उलटा ठोसा मारत नाही.

आणि हे 'चारित्र्य घडतं' वगैरे तर बोलूच नका. आमच्या कॉलनीत एक ब्लॅकबेल्ट आहे, खराखुरा, कप वगैरे जिंकलेला. गाडी लावण्यावरून म्हाताऱ्या वॉचमनच्या कानफटात मारली त्यानं. वॉचमन तर तायक्वांदो शिकलेला नव्हता. कुठे गेलं चारित्र्य? हात चालवायला शिकवलं की हात चालतो, एवढंच घडतं.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:२०

मी नर्स आहे, पंधरा वर्षं. एकच सांगायला आले. पोराचं पोट खरंच दुखतं. नाटक नाही ते.

माणूस घाबरला की अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून तळहात गार पडतात, तोंड कोरडं होतं, आणि पोटाचं काम शरीर तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतं. म्हणून मळमळ, कळा, वारंवार संडासला जाणं. परीक्षेच्या दिवशी कोणाला होत नाही? वेळ टळली की पोट उघडतं आणि तो चौथी भाकर मागतो, यात खोटेपणा कुठे आला? "काही दुखत नाहीये तुझं" असं त्याला म्हणू नका. "दुखतंय ना, ते घाबरल्यामुळे दुखतंय, मलाही दुखतं" असं म्हणा. आणि श्वास सोडायला शिकवा, घ्यायला नाही, सोडायला. सावकाश, लांब सोडला की ठोके खाली येतात. ऑपरेशनच्या आधी पेशंटला मी हेच करायला लावते.

चुदान | रविवार, दुपारी ४:४४

मी जळगावात कराटे शिकवतो. संशयात्मा यांचं फीबद्दलचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी खरं आहे, आम्हालाच लाज वाटते. पण लालमाती दादांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

शोतोकानमध्ये, म्हणजे कराटेच्या एका शैलीत, पायऱ्या आहेत आणि त्या कोणीतरी विचार करून ठेवल्यात. पहिली गोहोन कुमिते. समोरचा आधी ओरडून सांगतो कुठे मारणार, जोदान म्हणजे तोंड, चुदान म्हणजे पोट, आणि तेच पाच वेळा. तुम्ही पाच पावलं मागे जात अडवायचं, शेवटी एक परत मारायचा. मग सानबोन, तीन वेळा. मग इप्पोन, एकच. तरीही सांगून. त्यानंतर कुठे जियू कुमिते, म्हणजे मोकळं, काहीही येऊ शकतं. स्पर्धेची घाई झाली की क्लासवाले मधलं सगळं गाळतात आणि नारिंगी पट्ट्याच्या पोराला मोकळ्या कुमितेत उभं करतात. कात्यात हवेशी भांडणारं पोरगं अचानक माणसाशी भांडायला लागतं. डोळे मिटणारच.

डोळ्यांसाठी घरी करण्यासारखं सांगतो. स्पंजचा बॉल घ्या, हळू त्याच्या कपाळाकडे टाका, त्याने फक्त बघायचं, अडवायचं नाही. दहापैकी दहा वेळा डोळे मिटतील. आठवड्याने सात. मग वर्तमानपत्राची सुरळी. आणि त्याला सांगा समोरच्याच्या मुठीकडे बघू नको, गळ्याखाली हाडं आहेत तिथे बघ, मूठ निघायच्या आधी खांदा बोलतो.

चारित्र्याचं म्हणाल तर, फुनाकोशी, ज्यांनी १९२२ साली ओकिनावातून टोकियोला कराटे नेलं, ते लहानपणी दुखणाईत होते आणि पेशाने शाळामास्तर. त्यांचं सांगणं होतं की कराटे रेईने, म्हणजे नमस्काराने, सुरू होतं आणि रेईनेच संपतं, आणि कराटेत पहिला वार नसतो. ज्युदोवाले कानो, ज्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, ते अंगाने लहान होते, शाळेत पोरं त्यांना त्रास द्यायची म्हणूनच ते जुजुत्सूकडे, म्हणजे जुन्या जपानी झोंबीच्या विद्येकडे, वळले. म्हणजे हे सगळं उभं केलं तेच मुळात घाबरलेल्या, किरकोळ पोरांनी. वॉचमनला मारणाऱ्याला कोणीतरी ठोसा शिकवला आणि नमस्कार शिकवायचा राहिला.

मुलींच्या लाइनीबद्दल बोलत नाही. माझ्या क्लासमध्ये असं कोणी बोलला असता तर त्यालाच तिथे उभा केला असता, पहिल्या पोरीसमोर, ग्लोव्ह्ज घालून.

उताणा | रविवार, संध्याकाळी ७:०२

ज्युदो, कॉलेजात, दोन वर्षं. पहिले दोन महिने फक्त पडायला शिकलो. हनुवटी छातीला, हात मॅटवर आपटायचा, श्वास सोडायचा, उठायचं, परत पडायचं. घरचे विचारायचे काय शिकला, मी म्हणायचो पडायला, तर वडील म्हणायचे ते तर तुला येतंच. नंतर पावसात आकाशवाणी चौकात स्कूटी घसरली तेव्हा डोकं आपोआप आत गेलं. हेल्मेट नव्हतं (हो, माहितीये, ओरडू नका). एवढंच.

धुळेकरीण | रविवार, रात्री १०:१५

माझी गोष्ट थोडी लांब आहे, जेवण करून वाचा.

धुळ्यात कॉलेजला असताना मैत्रिणीच्या नादाने कराटेला गेले. पाय उचलत होते, हात चालत होते, पण किआई निघेना. किआई म्हणजे वार करताना जो आवाज पोटातून काढतात तो. तीन आठवडे माझ्या तोंडून मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी यायचं. सर म्हणायचे तुझा काता मुका आहे. आता कसं सांगणार की आमच्या घरात "आवाज खाली" हे दोन शब्द मी नावापेक्षा जास्त वेळा ऐकलेत. मार खायची मला भीती नव्हतीच, भीती होती ती ओरडायची. चौथ्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना बाहेर मैदानात नेलं, मला शंभर पावलं लांब उभं केलं आणि म्हणाले तिथून माझं नाव घेऊन हाक मार, ऐकू येईपर्यंत. सरांना नावाने, तेही ओरडून! विसाव्या हाकेला काहीतरी फुटलं आणि मग थांबेचना. घशाचं वाटोळं झालं, दोन दिवस हळद-दूध.

पुढच्या वर्षी शिरपूरच्या एसटीत, सोनगीर गेल्यावर, मागच्या सीटवरून एक हात यायला लागला. पहिल्यांदा मी थिजलेच, खोटं कशाला बोलू. वाटलं बॅग असेल, चुकून असेल, पुढे सरकले. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी श्वास सोडला आणि "हात काढ" एवढंच म्हणाले, पण त्या मैदानातल्या आवाजात. अख्खी गाडी वळली. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि एका आजीने त्या माणसाला पिशवीनं झोडपलं, पिशवीत बहुतेक सोनगीरचा तांब्या असावा. मला एकही किक मारावी लागली नाही. मारता आलीही नसती, आपल्या एसटीत पाय हलवायला जागा कुठे.

आणि शिरपूर येईपर्यंत माझे पाय लटलट कापत होते. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं शिकलं की भीती जाते. अजिबात जात नाही. तीच भीती, तेच कापणं, फक्त तोंड उघडलं.

संशयात्मा, तुम्ही म्हणता हात चालवायला शिकवलं की हात चालतो. माझा तर नाही चालला.

संशयात्मा | रविवार, रात्री १०:४०

तुमची गोष्ट पटली. वॉचमनची गोष्टही खरीच आहे, तीही मागे घेत नाही.

बोरीकाठचे, एक विचारू का. पोरगा नारिंगी पट्ट्यावर थांबला तर तुमचं काय बिघडतं? तबला सोडला असता तर रात्री बारा वाजता धागा काढला असता का?

बोरीकाठचा | सोमवार, रात्री १२:३०

संशयात्मा, तुम्ही बरोबर जागी टोचलंत. दिवसभर दुकानात याच प्रश्नाने डोकं खाल्लं. लिहून टाकतो, इथे मला कोणी ओळखत नाही.

मी १३ वर्षांचा होतो. चैत्रात आमच्या गावची जत्रा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल. वडील स्वतः तरुणपणी खेळलेले, पंचांमध्ये त्यांची खुर्ची. त्यांनी माझं नाव दिलं, नारळाच्या कुस्तीला. नवीन लाल लंगोट आणला पारोळ्याहून. जोड होती शेजारच्या गावच्या पोराची, माझ्यासारखाच काडी. हलगी वाजायला लागली आणि मला वाटलं ती माझ्या पोटातच वाजतेय. लघवीला जाऊन येतो म्हणालो आणि गेलो तो आमच्या खळ्यात, कडब्याच्या गंजीमागे. तिथून सगळं ऐकू येत होतं. माइकवर माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, तीन वेळा. मग हसण्याचा आवाज. मग दुसरी जोड.

अंधार पडल्यावर घरी गेलो. वाटलं आता चामडं सोलतील. वडील जेवत होते. मान वर केली नाही, एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. वारून नऊ वर्षं झाली. तो लंगोट खुंटीला तसाच होता, कोरा, कित्येक वर्षं, मग आईने त्याचं पोतेरं केलं असेल.

शनिवारी पोराने डोळे मिटले तेव्हा मला राग आला म्हणालो ना, तो राग नव्हता.

आक्का नंदुरबार | सोमवार, सकाळी ७:२५

भाऊ, पोऱ्याले दटाडू नको. तू सोता कसा पयी गया व्हता ते त्याले सांग. बाप म्हंजे वाघ शे असं वाटस त्याले, म्हनीसन त्याले सोतानी लाज वाटस.

आणि बाकीच्यांसाठी मराठीत लिहिते. मी शाळेत शिकवते, नंदुरबारला. दर ऑगस्टमध्ये भाषणात आम्ही शिरीषकुमारची गोष्ट सांगतो, १९४२ ला हातात झेंडा, समोर गोळी, वय १५. सांगताना त्याला असा पुतळा करून टाकतो की समोर बसलेल्या पोरांना वाटतं तो वेगळ्याच मातीचा होता, आपल्यातला नव्हता. एकदा एका चौथीतल्या पोराने विचारलं, "मॅडम, त्याला भीती वाटली असेल का?" मी गप्प. माझ्याकडच्या भाषणात ते लिहिलेलंच नव्हतं.

वांग्याचं भरीत | सोमवार, सकाळी ८:०१

आक्कांनी माझ्या कॉमेंटची पार शेंडी कापली. तापीचा सल्ला मागे घेतो.

बोरीकाठचा | चार आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१८

सगळ्यांना आधी धन्यवाद, आणि उशीर झाला त्याबद्दल माफी. कापसाचा सीझन आणि दुकान एकाच वेळी अंगावर आले.

क्लास बदलला. नवीन मॅडम आहेत, गोहोनपासून सुरू केलं, त्यांनी स्वतःच सांगितलं दिवाळीपर्यंत मोकळं कुमिते नाही. बॉलचा खेळ घरी रोज चालतो. चुदान सर, दहापैकी चारवर आलोय, आणि खरं सांगू का, मी खेळलो तेव्हा माझे नऊ वेळा मिटले, पोरगं लोळून लोळून हसलं. शनिवारी पोट अजूनही दुखतं. मागच्या शनिवारी स्वतः म्हणाला, "पप्पा, दुखतंय, पण साडेतीन झाले, ड्रेस कुठे ठेवलाय?"

पण खरं लिहायचं ते पुढे आहे. आक्का, तुमचं ऐकलं. गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या, लाइट गेलेली, अंधारात सोपं गेलं. कडब्याच्या गंजीपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, नाहीतर म्हणेल मग मला कशाला पाठवता. तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "मग त्या दुसऱ्या पोराचं काय झालं?"

तुम्हाला सांगतो, २९ वर्षांत मला हा प्रश्न एकदाही पडला नाही. मी पळालो, माझं नाव पुकारलं, माझ्या बापाची मान खाली गेली. पण तिकडे आखाड्यात एक १३ वर्षांचा पोरगा लंगोट घालून, अंगाला माती लावून, सगळ्या गावासमोर एकटा उभा होता आणि त्याची जोड आलीच नव्हती. तो माझ्या गोष्टीत नव्हताच.

पोरगा म्हणाला, त्याला फोन करू.

आता कुठून काढणार नंबर. पण गावातल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, त्याने तिसऱ्याला, आणि आठ दिवसांनी सापडला. अमळनेरला त्याचा टेम्पो आहे. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, जत्रेचं सांगितलं. तिकडे शांतता. पोरगा स्पीकरला कान लावून बसलेला. मी म्हणालो भाऊ, तेव्हाचं काही मनात असेल तर माफ कर. तर तो जो हसायला लागला, टेम्पोचा हॉर्न वाजला बहुतेक हसता हसता.

म्हणाला, "आरे भाऊ, मी बी घाबरी जायेल व्हतू! तू नही उना तवय माले इतलं बरं वाटनं, इतलं बरं वाटनं! नारय बी मालेच दिधा. घर जाईसन एकलानीच खादा."

वांग्याचं भरीत | रविवार, रात्री ९:२६

अर्धा नारळ तुमचा होता भो. व्याजासकट मागून घ्या.

लालमाती | रविवार, रात्री ९:४०

नियमाने नारळ आलेल्याचाच. पण चैत्रात दोघांची जोड लावायची असेल तर सांगा, पंच म्हणून मी येतो. वजन आता दोघांचं बरोबरीत असेल.